जड पाण्याचे मासे : परभणीच्या फिश टँकचा मागोवा

परभणी जिल्ह्यात घरच्या फिश टँकसाठी मासा निवडायचा, तर विचार पाण्यापासून सुरू करावा लागतो. जिल्ह्याचा जवळजवळ सगळा भाग दख्खनच्या काळ्या बेसाल्ट खडकावर वसलेला आहे. या खडकाच्या भेगांतून झिरपत विहिरीत किंवा बोअरमध्ये उतरणारे पाणी वाटेत कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट घेऊन येते. पातेल्याच्या तळाशी बसणारा पांढरा थर, शिजायला वेळ घेणारी डाळ आणि साबणाला न येणारा फेस ही त्या जड पाण्याची घरोघरची ओळख. पूर्णा नदीवरच्या राहाटीच्या बंधाऱ्यातून परभणी शहराला मिळत आलेले नळाचे पाणी त्या मानाने हलके; पण नळाला आठ-पंधरा दिवसांनी पाणी येण्याची वर्षे शहराने काढली आहेत, आणि अशा टंचाईत माशांच्या वाट्याला बोअरचेच पाणी येते.

पाण्याच्या जोडीला हवा. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२ अंशांच्या वर जातो, कधी ४५ गाठतो. हिवाळ्यात हेच शहर मराठवाड्यातल्या सर्वांत थंड ठिकाणांत मोडते. २०१८ च्या डिसेंबर अखेरीस कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेत किमान तापमान ३ अंशांच्या आसपास नोंदले गेले होते. ज्या माशाला वर्षभर २४ ते २६ अंशांचे, मऊ आणि किंचित आम्ल पाणी लागते, त्याला परभणीत जगवणे म्हणजे रोजची लढाई. कोणता मासा इथे रुळला आणि कोणता आठवड्याभरात गेला, याचा इतिहास मुख्यतः या दोन गोष्टींनी लिहिलेला आहे. विजेने त्यात पुढे तिसरी भर घातली.

काचेच्या टाकीच्या आधीही या मुलखात हौसेने मासे सांभाळले जात होते, फक्त ते वरून पाहायचे असत. परभणीचा प्रदेश ज्यांच्या राज्यात होता त्या कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ रचला. त्यात राजाच्या करमणुकींमध्ये मत्स्यविनोदाचे स्वतंत्र प्रकरण आहे. समुद्रातले आणि नदीतले मासे, खवल्यांचे आणि बिनखवल्यांचे मासे, कोणाला कसला चारा घालावा आणि गळाला कसे लावावे, हे सारे त्यात बारकाईने येते. शेवट शिकारीतच होतो, हे खरे. पण कोणता मासा काय खातो हे ठाऊक असल्याशिवाय तो जवळ येत नाही, ही जाण त्यात आहे आणि मासे पाळण्याचा पहिला धडाही तोच.

परभणी जिल्हा बारवांचा आहे. चारठाण्याची बारव आणि सेलू तालुक्यातल्या वालूरची चक्राकार पायऱ्यांची बारव त्यांत विशेष प्रसिद्ध. बारवेत, वाड्याच्या आडात, मशिदीच्या किंवा दर्ग्याच्या हौदात मासे असणे ही साधी गोष्ट होती. पाण्यातले किडे-अळ्या त्यांनी खाव्यात, हा त्यामागचा हेतू. गोदावरीच्या घाटावर कणकेच्या गोळ्या माशांना टाकणे हे पुण्याचे काम समजले जाई. या माशांची निवड कोणी करत नसे. नदीला पूर आला की ओढ्यातून जे येईल आणि भोई जे आणून सोडेल, ते राहत असे. तरीही एक निवड आपोआप होत होती. आडाचे पाणी खोल असल्याने उन्हाळ्यात तापत नाही आणि हिवाळ्यात गारठत नाही. शिवाय ते जड असते. त्यात जो टिकला आणि वाढला, तो या पाण्याला मानवला.

आज परभणीच्या टाक्यांत सर्रास आढळणारा गप्पी मात्र पुराबरोबर आला नाही. तो हिवतापामागून आला.

२० ऑगस्ट १८९७ रोजी रोनाल्ड रॉसने सिकंदराबादेत डासाच्या पोटात हिवतापाचा परजीवी पाहिला. परभणी तेव्हा त्याच निजामी राज्याचा भाग होती, आणि पुढच्या तीन-चार वर्षांतच मनमाड ते सिकंदराबाद हा मीटरगेज लोहमार्ग परभणीवरून सुरू झाला. डास हाच रोगवाहक आहे, हे ठरल्यावर त्याच्या अळ्या खाणाऱ्या माशांचा शोध जगभर सुरू झाला. दक्षिण अमेरिकेच्या उत्तर किनाऱ्यावरचा आणि त्रिनिदादचा छोटासा गप्पी १९१० च्या सुमारास भारतात आणला गेला. त्याचे हे नाव त्रिनिदादहून त्याचे नमुने लंडनला पाठवणाऱ्या रॉबर्ट गप्पी यांच्यावरून पडले. शास्त्रज्ञांनी त्याचे वर्णन मात्र त्याआधीच, १८५९ मध्ये केले होते. १९२८ मध्ये इटलीहून त्याचा नातेवाईक गंबुशिया आला.

स्वातंत्र्यानंतर १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम आणि १९५८ मध्ये निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला. त्या काळात सगळा भर डीडीटीच्या फवारणीवर होता, मासे बाजूला पडले. डास डीडीटीला दाद देईनासे झाले आणि १९७६ मध्ये देशात हिवतापाचे सुमारे ६४ लाख रुग्ण नोंदले गेले. त्यानंतर माशांकडे पुन्हा लक्ष गेले. २००६ साली मराठवाड्यात चिकुनगुन्याची मोठी साथ आली, पुढे डेंग्यूचे प्रमाण वाढले आणि गप्पी माशांची पैदास हे हिवताप कार्यालयाचे आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांचे नेमाचे काम होऊन बसले. आरोग्य केंद्राच्या आवारातला सिमेंटचा हौद, त्यात पाणवनस्पती आणि हिरवट पाण्यात फिरणारे बोटाच्या पेरांएवढे मासे हे दृश्य महाराष्ट्राच्या खेडोपाडी ओळखीचे आहे. तिथून ते विहिरीत, डबक्यांत, गावच्या हौदात सोडले जातात. काही काचेच्या बरणीतून घरी जातात. ग्रामीण घरातला पहिला पाळीव मासा असा सरकारी खात्याकडून फुकट मिळालेला असणे, ही या छंदाच्या इतिहासातली मोठी मजेची बाब आहे.

गप्पी परभणीत इतका रुजला, त्याला कारण आहे. तो जड, क्षारयुक्त पाण्यात अधिक निरोगी राहतो. मादी अंडी घालत नाही. साधारण चार आठवड्यांच्या गर्भकाळानंतर ती पोहती पिल्ले देते, एका वेळी वीस-पंचवीस तरी. साचलेले, प्राणवायू कमी असलेले पाणी त्याला चालते, कारण तो पृष्ठभागाला तोंड लावून तिथले पाणी घेतो. मॉली, प्लॅटी आणि स्वोर्डटेल हे त्याचेच भाऊबंद, मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचे, आणि त्यांनाही जड पाणीच मानवते. नवख्याने परभणीत दोन फुटी टाकी मांडली आणि त्यात यांपैकी कोणतीही जोडी सोडली, तर निवड सहसा चुकत नाही. चूक होते ती गंबुशियाच्या बाबतीत. आरोग्य केंद्राच्या हौदात गप्पी समजून पकडलेला राखाडी मासा कधी गंबुशिया निघतो. तो इतर माशांचे पर कुरतडतो. विहिरीत त्याचे काम चोख असले, तरी शोभेच्या टाकीत त्याला जागा देऊ नये.

काचेची टाकी आली ती युरोपातून. लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टनने १८५० मध्ये पाणवनस्पती आणि मासे यांचा समतोल राखला तर पाणी न बदलता मासे जगतात, हे दाखवले. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांना पाहण्यासाठी मत्स्यगृह उघडले. भारतात मद्रासच्या किनाऱ्यावरचे मत्स्यालय १९०९ चे. मुंबईत मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये सुरू झाले. त्या वेळी परभणी हैदराबाद राज्यात होती. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, तशी परभणीकरांची वाट हैदराबादेइतकीच मुंबईकडेही वळली. ‘मुंबई दर्शना’त राणीची बाग आणि तारापोरवाला मत्स्यालय ठरलेले असे. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूरच्या मुलांनी रंगीत मासा समोरून, डोळ्यांच्या पातळीवर प्रथम पाहिला तो बहुधा तिथे.

घरातली टाकी मात्र बराच काळ श्रीमंतांच्या दिवाणखान्यापुरती राहिली. जुन्या टाक्या लोखंडी अँगलच्या चौकटीत काचा बसवून, सांधे लांबी-डांबराने भरून केलेल्या असत. त्या जड असत आणि चौकट गंजून पाझरू लागत. सिलिकॉन सीलंट मिळू लागल्यावर नुसत्या काचा एकमेकींना चिकटवून टाकी करता येऊ लागली, आणि आरसे-खिडक्यांच्या काचा कापणाऱ्या कोणत्याही कारागिराच्या आवाक्यात ती आली. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशा टाकीत काठोकाठ सुमारे ५६ लिटर पाणी मावते. तीन फूट लांब, एक फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकीत १२७ लिटर. मध्यम आकाराची घरगुती टाकी म्हणतात ती या दोहोंच्या दरम्यानची. वाळू-खडे आणि वरची मोकळी जागा वजा केली, तर प्रत्यक्ष पाणी पाचव्या हिश्शाने तरी कमी भरते. दुकानात ‘तीन फुटी’ ऐकून मासे घेणारा हे वजा करायला विसरतो आणि तिथेच गर्दी होते.

मासे येत ते लांबून. कोलकात्याचा गॅलिफ स्ट्रीटचा रविवारचा बाजार, चेन्नईतले कोलत्तूर आणि मुंबईतले कुर्ला ही रंगीत माशांची मोठी नावे. पिशवीत एक भाग पाणी आणि दोन-तीन भाग प्राणवायू भरून, रबराने तोंड बांधून, थर्माकोलच्या खोक्यात मासे रेल्वेने किंवा ट्रॅव्हल्सच्या गाडीने पाठवले जातात. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात मनमाड-परभणी-नांदेड मार्ग ब्रॉडगेज झाला आणि मुंबईहून गाडी न बदलता येणे शक्य झाले. प्रवासाचे तास घटले, तसे वाटेत मरणारे मासेही.

या बाजाराने जे पाठवले, त्यातला सर्वांत चुकीचा मासा सर्वांत लोकप्रिय ठरला. गोल्डफिश हा चीनमध्ये सुमारे हजार वर्षांपूर्वी पैदाशीतून घडवलेला, थंड पाण्याचा कार्प. तो वीतभर वाढतो, खूप खातो, खूप घाण करतो आणि त्याला प्राणवायू भरपूर लागतो. पाणी जसे तापते, तसा त्यात विरघळणारा प्राणवायू कमी होतो: २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, ३५ अंशांना जेमतेम ७. मे महिन्यात परभणीतल्या पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या खोलीत टाकीचे पाणी ३३-३४ अंशांवर जाते. त्यात फुगीर काचेच्या भांड्यात, पंपाशिवाय ठेवलेला गोल्डफिश म्हणजे मरणाची वाट पाहणारा मासा. या भांड्याला हवेशी भिडणारा पृष्ठभाग सर्वांत कमी असतो, तरी ते ‘शोभिवंत’ म्हणून खपत राहिले.

निऑन टेट्राचे दुखणे वेगळे. १९३६ मध्ये शास्त्रीय नाव मिळालेला हा अमेझॉनच्या खोऱ्यातला मासा चहासारख्या रंगाच्या, मऊ आणि आम्ल पाण्यात वाढलेला. बोअरच्या पाण्यात त्याचा निळा पट्टा फिका पडतो आणि थवा एकेक करून कमी होतो. डिस्कस या माशाची तऱ्हा याहून नाजूक. एंजल मात्र, मूळचा त्याच नद्यांमधला असला तरी, पिढ्यान्‌पिढ्या आशियातल्या पैदास केंद्रांत नळाच्या आणि विहिरीच्या पाण्यात वाढवला गेल्याने जड पाण्याला पुष्कळसा सरावला आहे. तीन फुटी, दीड फूट उंच टाकीत त्याची जोडी चांगली दिसते. सोबत गप्पी मात्र ठेवू नये. मोठा झालेला एंजल त्याला गिळतो.

पाणी आणि हवेनंतर परभणीच्या निवडीवर खोल ठसा उमटला तो भारनियमनाचा. साधारण २००५ ते २०१२ या काळात महाराष्ट्रात विजेची टंचाई तीव्र होती आणि मराठवाड्यातली छोटी गावे दिवसाचे बरेच तास अंधारात असत. टाकीतला हवेचा पंप आणि फिल्टर बंद पडला की दोन गोष्टी होतात. पाण्यातला प्राणवायू उतरतो, हे पहिले. दुसरे चटकन लक्षात येत नाही. माशांच्या विष्ठेतून येणारा विषारी अमोनिया आधी नायट्राइटमध्ये आणि मग बऱ्याच अंशी निरुपद्रवी नायट्रेटमध्ये बदलणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजात राहतात. पाणी थांबले की काही तासांत ते गुदमरू लागतात आणि वीज आल्यावर फिल्टर चालू झाला तरी पाणी बिघडते. रात्री मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसले, की घरच्यांना तांब्याने पाणी उपसून वरून ओतत बसावे लागे.

अशा टाकीत तग धरला तो हवेतून श्वास घेणाऱ्या माशांनी. गुरामी आणि फायटर यांच्या कल्ल्यांच्या वर चक्रव्यूहासारख्या घड्यांचा एक अवयव असतो. पृष्ठभागावरून हवेचा घोट घेऊन ते त्यातून प्राणवायू शोषतात. त्यांचाच भाऊबंद पॅराडाइज फिश पॅरिसच्या पिअर कार्बोनिएने १८६९ मध्ये वाढवला, तेव्हा युरोपातही घरच्या टाकीला ना वीज होती ना पंप. उष्ण प्रदेशातला टाकीतला पहिला मासा तोच ठरण्यामागे हेच कारण. परभणीने दीडशे वर्षांनी तोच मार्ग धरला, असे म्हणता येईल. निळा गुरामी दोन फुटी टाकीत एकटा किंवा तीन फुटीत एक नर-दोन माद्या असा ठेवावा. फायटर नर मात्र एका टाकीत एकच. त्याचे झालरीसारखे पर टायगर बार्ब ओरबाडतो, त्यामुळे ती सोबत टाळावी.

यांच्या जोडीला झेब्रा. १८२२ मध्ये फ्रान्सिस हॅमिल्टनने गंगेच्या खोऱ्यातल्या माशांवरच्या ग्रंथात त्याचे वर्णन केले. पुढे जनुकशास्त्राच्या प्रयोगशाळांनी तो जगभर नेला. भारतातला मासा असल्याने थंडी-उन्हाचा मोठा फरक त्याला सोसतो. त्याच ग्रंथात आलेला रोझी बार्बही तसाच चिवट. पाच-सहा झेब्रांचा थवा, मॉलीच्या दोन जोड्या आणि गुरामीचा एक नर-दोन माद्या एवढ्यावर सव्वाशे लिटरची टाकी समाधानाने चालते. उन्हाळ्यात ती कूलरच्या खोलीत असावी, झाकण उघडे ठेवून वर बारीक जाळी घालावी. पाण्याची वाफ होऊन तापमान दोन-तीन अंश उतरते. वाफ गेल्यावर क्षार मागे राहतात, म्हणून नुसती भर न घालता दर आठवड्याला थोडे पाणी काढून मग बदलावे. डिसेंबर-जानेवारीत हीटर लागतोच. क्लोरिनची धास्ती मात्र इथे कमी: नळाचे पाणी साठवणीच्या टाकीत आठवडाभर राहिलेले असले, तर क्लोरिन केव्हाच उडून गेलेला असतो. टंचाईचा एवढा एकच फायदा.

दोन हजारच्या दशकात फेंगशुई आणि वास्तुशास्त्राच्या लाटेबरोबर अरोवाना आणि फ्लॉवरहॉर्न आले. दुकानांत बोटाएवढा ‘शार्क’ म्हणून मिळणारा मासा खरे तर पंगासियस. तो तीन-चार फुटांपर्यंत वाढतो. ‘पिरान्हा’ म्हणून खपणारा बहुतेकदा रूपचंद असतो, जो बाजारात किलोवर मिळतो. ऑस्कर फूटभर होतो. काचेवरचे शेवाळ खातो म्हणून घेतलेला सकरही दीड फुटांवर जातो. यांतला एकही मध्यम टाकीचा मासा नाही.

टाकीत न मावणारा मासा मग जवळच्या तळ्यात सोडला जातो आणि तिथून वेगळाच प्रश्न सुरू होतो. १९५२ मध्ये खाण्यासाठी भारतात आणलेल्या चिलापीने तलावांत काय केले, ते भोई समाजातल्या कोणत्याही मासेमाराला ठाऊक आहे. सकर आता उजनीसह राज्यातल्या जलाशयांत जाळ्यात सापडतो. त्याच्या अंगावरच्या काटेरी पट्ट्या जाळी फाडतात आणि त्याला गिऱ्हाईकही नाही. पूर्णेवरच्या येलदरी जलाशयावर आणि गोदावरीवर पोट असलेल्या कुटुंबांच्या दृष्टीने ही हौस महागाची. सरकारी पातळीवर पाहिले, तर शोभेच्या माशांच्या दुकानांसाठी केंद्र सरकारने २०१७ मध्ये काढलेले नियम त्याच वर्षी मागे घेतले गेले. २०२० पासूनच्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत परसदारी रंगीत मासे वाढवण्याच्या ३ लाख रुपयांच्या प्रकल्पाला सर्वसाधारण गटात ४० टक्के, तर महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के अनुदान ठेवण्यात आले.

या सगळ्यात इथलेच देशी मासे मागे राहिले. कर्नल विल्यम साइक्सने १८३९ च्या सुमारास दख्खनच्या माशांवर निबंध लिहिला, तेव्हा स्थानिक मराठी नावांवरूनच त्याने कित्येक जातींना लॅटिन नावे दिली. भारताच्या गोड्या पाण्यातला पारदर्शक काचमासा, ठिपक्यांचा छोटा टिक्टो बार्ब, काळ्या पट्ट्याचा रासबोरा हे सारे तीन-चार इंचांच्या आतले, थव्याने राहणारे, जड पाण्याला जन्मापासून सरावलेले. दुकानात ते सहसा मिळत नाहीत, कारण त्यांची पैदास फारशी होत नाही आणि पावसाळ्यात ओढ्यातून धरलेला मासा पिशवीच्या प्रवासात दगावतो. झिंग्यांच्या ढिगात आलेले असे मासे भोयाकडून जिवंत मिळवून, आठवडाभर वेगळ्या टबात ठेवून मग टाकीत सोडणारे मोजके हौशी आहेत. त्यांना पाणी मऊ करण्याची औषधे विकत घ्यावी लागत नाहीत.